मास्तरांचा जड कोट

मास्तरांच्या दुकानावर पाटी होती, ‘पडदे, खोळी शिवून आणि कपडे सैल-घट्ट करून मिळतील’. नवे कपडे ते शिवत नसत. कोरं कापड मुकं असतं, जुना कपडा मात्र अंगाच्या सगळ्या चहाड्या करतो, असं ते म्हणायचे. गल्लीत कुणाचं पोट सुटलंय, कुणाचं लग्न ठरल्यामुळे आत गेलंय, कुणाचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे. ही गुपितं पोटात ठेवायचा ते मनापासून प्रयत्न करत, पण पोट लहान आणि गल्ली मोठी, त्यामुळे काही ना काही बाहेर सांडायचंच.

कपडा आत घ्यायला कुणी आलं की मास्तरांचा एकच प्रश्न असे, "कापू की ठेवू?" आत घेतल्यावर उरलेलं कापड कापून टाकलं की शिवण छान सपाट बसते. ठेवलं तर ती जरा जाड होते, पण माणूस पुन्हा भरला तर उसवून कपडा सैल करता येतो. नुकतीच बारीक झालेली माणसं छाती पुढे काढून सांगत, "कापा हो! आता काही मी जाड व्हायचा नाही." मास्तर मान डोलवत आणि कापड न कापता गुपचूप आत दुमडून शिवत. वर्ष उलटलं की तेच गिऱ्हाईक तीच विजार घेऊन, मान खाली घालून दारात उभं. मग मास्तर दोन-तीन टोमणे मारून ती उसवून देत. जगात कायमचं बारीक कुणी होत नसतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि त्यांचं स्वतःचं गोल, गुबगुबीत शरीर हा त्याचा पुरावा होता.

दुकानात दोन शिलाई मशिनं, एक त्यांचं आणि एक बायकोचं. बाई कमी बोलायच्या आणि सरळ शिवायच्या. मास्तर खूप बोलायचे, पण शिवायचे तेही सरळच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की भांडणसुद्धा आता मशीन न थांबवता होई.

पहिल्यांदा लक्षात आलं ते बाईंच्याच. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला अस्तर जुळवताना त्यांनी कापड वर धरलं, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचे डोळे या अस्तराच्या रंगाचे झालेत."

"कुठला रंग?"

"लिंबू पिवळा."

"मग हेच अस्तर घे. जुळतंय म्हणायचं," मास्तर हसून म्हणाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मशीनवर खोळ घातली, भावाला फोन लावला आणि दुकान बंद केलं. दुकान भर दिवसा बंद झालेलं पाहून समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती, तिने पित्ताची वाट अडवली होती. मास्तरांनी या अवयवाचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. "नाव तर मिठाईच्या दुकानाला शोभेल असं आहे," ते म्हणाले. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण चेहऱ्यावर घाई नव्हती. पित्तासाठी आत एक नळी बसवली, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला आणि मग त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं नीट समजावलं.

"कॅन्सर आहे. आधी सलाईनमधून औषधं देऊ, केमो. गाठ आकसली आणि तुमचं शरीर टिकलं, तर सर्जन ती काढतील. काढता आली तर पुढची वाट बरीच बरी आहे. तेव्हा तुमचं काम एकच, अंग टिकवायचं. वजन उतरू द्यायचं नाही. फार उतरलं तर औषध कमी करावं लागेल, कदाचित थांबवावंही लागेल."

डॉक्टर इतकं बोलल्या, मास्तरांनी त्यातलं एकच ऐकलं. वजन उतरलं की ऑपरेशन गेलं. आणि ऑपरेशन गेलं की आपणही गेलो.

बाईंचा भाऊ मालवाहू गाडी चालवायचा. त्याच गाडीतून तो त्यांना दवाखान्यात नेई-आणी. मनाने सोन्यासारखा, पण जिभेला लगाम नाही. परतताना तो मोठा उसासा सोडून म्हणाला, "काय करणार भावोजी, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?"

"शिडी आणून दे," मास्तर म्हणाले. "लावतो."

केमो सुरू झाली आणि पहिली गंमत म्हणजे कात्री चावू लागली. त्या औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांतून झिणझिण्या जात, जणू विजेच्या तारेलाच हात लावलाय. कात्री गार, नळ गार, दाराची कडी गार, मशीनचं चाकसुद्धा गार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होईल, हात-पाय गरम ठेवा, गार पाणी पिऊ नका. मास्तर चिडले. ज्या कात्रीने पोट भरलं, तीच अंगावर येते म्हणजे काय? त्यांनी जुन्या मऊ कापडाची कात्रीच्या मुठीला खोळ शिवली. मग नळाला शिवली. मग दाराच्या कडीला, फ्रिजच्या दांड्याला, किल्लीला. मेहुणा घरी आला तेव्हा मास्तर चमच्याला खोळ शिवत होते. "आता ताईलाही एक शिवा," तो म्हणाला, "तीही तुमच्यावर गारच असते." बाईंनी त्याला चहा न देता परत पाठवायची धमकी दिली.

केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरच्या एका शिक्षिकेने ती खोळवाली किल्ली पाहिली आणि आपल्या पाण्याच्या बाटलीसाठी एक खोळ मागितली. पुढच्या वेळी सहा जणांनी मागितल्या. तोंडात धातूची चव येते अशी सगळ्यांचीच तक्रार होती. मास्तरांची नव्हती. "जन्मभर टाचण्या दातांत धरल्यात. ही चव माझ्या घरची आहे," असं सांगून त्यांनी सगळी खोली हसवली. सलाईन लावून बसलेली माणसं इतकी हसू शकतात हे तिथल्या सिस्टरला माहीत नव्हतं.

पण अन्न लागेना. बाई अंडी उकडत, सूप करत, दह्यात फळं घालत, आणि मास्तर तीन घास खाऊन ताट सरकवत. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पोट सारखं बिघडे, शौचाला तेलकट होई. ते सांगायची मास्तरांना लाज वाटे, म्हणून ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. माणूस गल्लीभरच्या पोटांवर बोलेल, पण स्वतःच्या पोटावर बोलायची वेळ आली की मुका होतो.

मग एकदा वजनकाट्यावर उभं राहिल्यावर सिस्टर म्हणाली, "मास्तर, बरंच उतरलंय हं." डॉक्टर बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. एवढंच झालं. पण ती आठी मास्तरांनी मापासारखी डोक्यात धरून घरी आणली.

दुकानात पडद्यांच्या खालच्या दुमडीत घालायच्या शिशाच्या चकत्यांचा डबा होता. पडदा सरळ लोंबावा, वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्या घालतात. मास्तर डब्याकडे बघत बसले. मग त्यांनी आपला जुना तपकिरी कोट काढला, त्याच्या खालच्या दुमडीची शिवण उसवली आणि चकत्या ओळीने आत बसवून ती पुन्हा शिवली. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक चकतीभोवती दोन टाके. बोटांत मुंग्या होत्या, टाके वाकडे येत होते, दोनदा उसवून पुन्हा घातले. चोरी करायची तर तीही सुबक असावी असा या माणसाचा स्वभाव.

पुढच्या वेळी सिस्टर म्हणाली, "वा! वजन भरलं की!" डॉक्टर बाईंची आठी गेली. मेहुण्याने परतताना वाटेत पेढ्या-बिढ्याची चौकशी केली. फक्त गाडीत चढताना त्याने मास्तरांना हात दिला आणि कोट धरून म्हणाला, "भावोजी, हा कोट आहे की चिलखत?"

"लोकर चांगली होती तेव्हा," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यानंतर प्रत्येक फेरीला थोड्या चकत्या वाढत गेल्या, कारण आतला माणूस घटत होता. आणि औषध बाधू लागलं. तोंड आलं. जुलाब थांबेनात. तळपाय बधिर झाले, पायडल कुठे आहे ते पाहून पाय ठेवावा लागे. दुपारी मशीनवर डोकं टेकून झोप लागे. बाईंना काही कळेना. "वजन तर टिकलंय म्हणतात. मग तुम्ही असे का झालात? द्या तो कोट, आत घेते. खांद्यावरून घसरतोय."

"कोटाला हात लावू नकोस," मास्तर ओरडले. त्यांचा आवाज असा कधी चढत नसे. बाईंनी हात मागे घेतला, पण नजर कोटावरून हलली नाही. शिंपिणीच ती, कपडा कसा लोंबतो ते तिला शिकवावं लागत नाही. तो कोट पडद्यासारखा लोंबत होता.

केमोच्या निम्म्या फेऱ्या झाल्यावर पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टर बाईंनी फिल्म उजेडाला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "गाठ आकसतेय," त्या म्हणाल्या. मास्तरांच्या जिवात जीव आला. "पण हे बघा, हे पाठीचे स्नायू. कमरेशी मणक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. पहिल्या स्कॅनपेक्षा खूपच बारीक झालेत. वजन तेवढंच, मग मांस गेलं कुठे? शरीरात स्नायू किती, चरबी किती ते मोजायचं एक यंत्र आहे, त्यावर उभे राहा. अनवाणी, आणि कोट काढून."

"मला थंडी वाजते."

"खोली गरम आहे."

"डॉक्टर, हा कोट मला लकी आहे."

सिस्टरने हसत हसत त्यांच्या अंगावरून कोट उतरवला, "अगं बाई, केवढा जड!" म्हणत दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. खुंटीने क्षणभर विचार केला आणि मग प्लास्टरच्या ढपल्यासकट भिंतीतून निघाली. कोट जमिनीवर असा आदळला की बाहेरच्या बाकावरचा मेहुणा उठून आत आला.

सगळ्यांच्या आधी बाई वाकल्या. त्यांनी कोट उचलला नाही, फक्त खालच्या दुमडीवरून बोट फिरवलं, एक चकती, दुसरी, तिसरी. शिवण कुठेही उसवली नव्हती.

"पडद्याच्या आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्या डब्यातल्या."

यंत्रावर मास्तर शर्टात आणि अनवाणी उभे होते आणि त्यांच्या विजारीचा पट्टा कमरेला जवळजवळ दुसरा वेढा घालत होता. आधी सिस्टरला हसू फुटलं, मग डॉक्टर बाईंना, मग मेहुणा खुर्चीचा हात धरून हसू लागला. मास्तर बिचारे शरमेने लाल झाले, तरी म्हणालेच, "खुंटी कच्ची होती. शिवण बघा."

डॉक्टर बाईंनी डोळे पुसले आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"मास्तर, औषधाचं माप आम्ही वजन-उंचीवरून काढतो. इतके दिवस तुमच्या कोटालाही केमो दिली आम्ही. कोटाचं काय जातं, त्याला ना उलटी ना जुलाब. तुमच्या अंगात मांस कमी आणि औषध मात्र पूर्वीच्या मास्तरांच्या मापाचं. ते बाधणारच. आणि वजन का बघतो आम्ही? तुम्हाला नापास करायला नाही. उतरलं की कळतं, अन्न लागत नाहीये. पोट कसं आहे? खरं सांगा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा समजून बाहेर गेला. मग त्यांनी सगळं सांगितलं, तेलकट शौचासकट.

"त्याला कॅप्सूल आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तुमचं स्वादुपिंड पाचकरस देत नाहीये, ते बाहेरून द्यायचे, प्रत्येक खाण्याबरोबर. विचारायला हवं होतं मीही, चुकलं माझं. पण काटाच तुमच्या बाजूने बोलत होता."

"आणि ऑपरेशन?" मास्तरांनी विचारलं.

"आज विचाराल तर नाही. या अंगाने तुम्ही टेबलावरून उठणार नाही. औषध तुमच्या खऱ्या मापाने देऊ. तुम्ही खा, आणि स्नायू कमवा. मग विचारा."

परतीच्या वाटेवर बाईंनी कोट कुणाला धरू दिला नाही. तो त्यांच्या मांडीवर होता. घरी आल्यावर त्या मशीनसमोर बसल्या, उसवणी घेतली आणि दुमडीचा पहिला टाका काढला. मग थांबल्या. मास्तरांनी पाहिलं तर त्या रडत होत्या.

"मला फसवलंत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला फसवलंत ते फसवलंत. मी रोज ताट घेऊन मागे लागते, मला वाटायचं, लागतंय अंगाला. आनंद व्हायचा मला त्या काट्याचा."

"नाही म्हणतील असं वाटलं गं. ऑपरेशन नाही म्हणाले असते तर मग काय उरलं?"

"मी उरले असते!" बाई म्हणाल्या. त्यांनी जन्मात एवढ्या मोठ्याने काही म्हटलं नव्हतं. मास्तर त्यांच्याजवळ स्टुलावर बसले. मग बाई उसवत गेल्या आणि मास्तर चकत्या डब्यात टाकत गेले.

पण त्या डब्यात फार काळ राहिल्या नाहीत. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं की नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, काहीतरी उचलायला हवं. बाईंनी जाड कापडाच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या, त्यांत चकत्या भरल्या आणि वर धरायला पट्टा लावला. जेवण झालं की मास्तरांच्या हातात त्या देत आणि मशीन चालवत चालवत नजर ठेवत.

"दुमडीत उचलत होतात ना? आता हातात उचला."

मेहुण्याला तर कामच मिळालं. दुकानासमोर तो मास्तरांना खुर्चीवरून हात न टेकता उठवे आणि पुन्हा बसवे. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर येई आणि मोजे. "परत! अर्धं उठलात, ते धरलं जाणार नाही." मास्तर दोघांना शिव्या घालत आणि उठत. कॅप्सूल घेऊन खाल्लेलं पोटात राहू लागलं. एके दिवशी त्यांनी ताट स्वतःहून पुढे केलं आणि म्हणाले, "अजून एक अंडं आहे का?" बाई पातेल्याकडे वळल्या आणि उगाचच बराच वेळ वळलेल्याच राहिल्या.

औषधाचं माप उतरलं होतं. तोंड बरं झालं. बोटांच्या मुंग्या मात्र राहिल्या. सुईत दोरा ओवणं आता बाईंकडे आणि बोलणं पूर्वीसारखं मास्तरांकडे.

सर्जनकडे जायचा दिवस आला तेव्हा मास्तर काट्यावर नुसत्या शर्टात चढले. सिस्टरने मुद्दाम खिसे चाचपून पाहिले. कोटासकट भरायचं त्यापेक्षा वजन कमीच होतं, पण या वेळी ते सगळं त्यांचं स्वतःचं होतं. सर्जन जाडजूड मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी नवा स्कॅन पाहिला, मास्तरांना आपला हात घट्ट दाबायला सांगितला, खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. मास्तर हात न टेकता उठले आणि दाराकडे बघून म्हणाले, "पूर्ण उठलो बरं का!" सर्जनना काही कळलं नाही. दाराबाहेरच्या मेहुण्याला कळलं.

"स्नायू भरून आलेत," सर्जन म्हणाले. "सगळे नाही, पण पुरेसे. गाठही आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांपासून सुटी दिसतेय. सोमवारी दाखल व्हा. ऑपरेशन मोठं आहे, सोपं नाही. पण करू."

घरी मास्तर बराच वेळ काहीच बोलले नाहीत. हे इतकं नवल होतं की न्हावी दोनदा चौकशी करून गेला. मग त्यांनी कपाटातून तो तपकिरी कोट काढला, अंगावर घातला आणि आरशासमोर उभे राहिले. त्यात आणखी अर्धा मास्तर मावला असता.

"सोमवारी हाच घालून जाईन," ते म्हणाले. "पण आत घे. माझ्या मापाचा कर. आहे त्या मापाचा."

बाईंनी टेप गळ्यात घातली. छाती, कंबर, खांदे. आकडे मनात धरले, मोठ्याने उच्चारले नाहीत. कोट उलटा केला, खडूने रेषा मारली, टाचण्या लावल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होते. खोळ घातलेली कात्री टेबलावर होती. त्यांनी ती उचलून बायकोपुढे धरली आणि हसायचा प्रयत्न करत विचारलं, "कापणार की ठेवणार?"

बाईंनी कात्री घेतली नाही. त्यांनी कोट मास्तरांपुढे पसरला. दोन्ही बाजूंचं उरलेलं कापड त्यांनी आधीच आत दुमडलं होतं, इंचभरही न कापता.

"पुढच्या वर्षी उसवायचाय," त्या म्हणाल्या, आणि मशीन चालू केलं.